जन्मवेळेपासून लग्नापर्यंत : कुंडली हाताने मांडण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

एकाच व्यक्तीच्या दोन कुंडल्या हातात येतात आणि त्यांत लग्न (जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी राशी आणि तिचा अंश) वेगळे, नक्षत्र वेगळे किंवा महादशेच्या (जन्मनक्षत्रावरून ठरणाऱ्या ग्रहाच्या कालखंडाच्या) तारखा काही महिन्यांनी पुढेमागे असतात. फलिताविषयी मतभेद असू शकतात. परंतु दिलेल्या वेळी आणि ठिकाणी पूर्व क्षितिजावर क्रांतिवृत्ताचा (सूर्याच्या भासमान मार्गाचा) कोणता अंश होता, हा शुद्ध गणिताचा प्रश्न आहे आणि एकदा पद्धत ठरवली की त्याचे उत्तर एकच येते. ते चुकते याचे कारण बहुधा गणित अवघड असणे हे नसते. वेळ कोणत्या घड्याळाची आहे, तारीख कधी बदलली आणि कोणता संस्कार (दुरुस्ती) आधी करायचा, येथेच गल्लत होते. या लेखात फलिताचा विचार केलेला नाही. कुंडली मांडण्याचा क्रम एका उदाहरणाच्या आधारे दिला आहे.

उदाहरण असे घेऊ. जन्मस्थळ पुणे. घरची मंडळी सांगतात, "बुधवारी, ९ फेब्रुवारी २००० च्या रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी." हे उदाहरण मुद्दाम मध्यरात्रीचे घेतले आहे, कारण बहुतेक सर्व सापळे त्यात एकत्र सापडतात.

पूर्वतयारी

पुढील साहित्य जवळ असावे : जन्माच्या वर्षाचे पंचांग किंवा ग्रहांचे दैनिक भोग (राशिचक्रातील स्थान) देणारी ग्रहस्थिती, सांपातिक काळाचे (ताऱ्यांच्या फेरीवरून मोजलेल्या वेळेचे) कोष्टक, जन्मस्थळाच्या अक्षांशाची लग्नसारणी, आणि गावाचे अक्षांश-रेखांश. पुण्यासाठी अक्षांश १८ अंश ३१ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उत्तर आणि रेखांश ७३ अंश ५१ कला पूर्व घेतले आहेत. गाव लहान असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणाचे रेखांश घेण्याची सवय टाळावी. रेखांशातील एका अंशाच्या फरकाने स्थानिक वेळ चार मिनिटांनी बदलते आणि तेवढ्यात लग्न सुमारे एक अंश सरकते.

कागदाचे दोन रकाने करावेत. डाव्या रकान्यात प्रमाण वेळ आणि ग्रह, उजव्या रकान्यात स्थानिक वेळ आणि लग्न. ही साधी शिस्त पाळली तर पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या होतच नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

पायरी १ : वेळेचा पुरावा आणि तारीख निश्चित करणे

जन्मदाखल्यावर सहसा तारीख असते, वेळ नसते. वेळेसाठी प्रसूतिगृहाचे कार्ड, बाळाच्या हाताला बांधलेल्या पट्टीवरील नोंद किंवा त्याच वेळी घरी लिहून ठेवलेली टिपणे पाहावीत. आठवणीतून सांगितलेली वेळ बहुधा पाच, दहा किंवा पंधरा मिनिटांच्या टप्प्यावर येते. तशी वेळ मिळाल्यास "अंदाजे" असा शेरा कुंडलीवरच लिहावा.

त्यानंतर तारीख. रात्री बारानंतर इंग्रजी तारीख बदलते, पण पंचांगातील वार सूर्योदयाला बदलतो. आपल्या उदाहरणातील कुटुंब "बुधवारची रात्र" म्हणते ते पंचांगाच्या दृष्टीने बरोबर आहे. मात्र रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी इंग्रजी तारीख १० फेब्रुवारी २००० झालेली असते. म्हणून डाव्या रकान्यात लिहावे : १० फेब्रुवारी २०००, ० तास २० मिनिटे, पंचांगाचा वार बुधवार.

सावधान : ही चूक लग्नावरून कधीही पकडली जात नाही. कोणी ९ फेब्रुवारी, ० तास २० मिनिटे असे धरले, म्हणजे प्रत्यक्षात चोवीस तास मागे गेले, तरी लग्न जेमतेम एक अंशाने बदलते आणि राशी व नवमांश (राशीचा नववा भाग) तेच राहतात. कुंडली "जुळली" असे वाटते. चंद्र मात्र तेरा अंशांहून अधिक मागे पडतो. या उदाहरणात तो पूर्वाभाद्रपदाच्या अगदी शेवटी जातो आणि जन्माची महादशा शनीऐवजी गुरूची निघते. रात्री बारा ते पहाट या काळातील जन्म असेल, तर "आदल्या दिवशीची रात्र की त्याच दिवसाची?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी २ : घड्याळ कोणते होते ते ठरवणे

अलीकडचा भारतातील जन्म असेल तर ही पायरी एका ओळीत संपते : वेळ भारतीय प्रमाण वेळेची आहे आणि ती ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची, म्हणजे ग्रीनिचपेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढची आहे. आजीआजोबांच्या पिढीच्या कुंडल्यांसाठी मात्र येथे थांबावे लागते.

भारतीय प्रमाण वेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईत त्यानंतर कित्येक दशके मुंबई वेळ चालू राहिली. ती ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाण वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. जुन्या टिपणात "मुंबई टाइम" असा उल्लेख असेल तर प्रमाण वेळ मिळवण्यासाठी त्यात ३९ मिनिटे मिळवावी लागतात. मुंबई वेळ ही मुंबईची जवळजवळ स्थानिक वेळच आहे. तिलाच प्रमाण वेळ समजून तिच्यातून पुन्हा स्थानिक संस्कार वजा केला की लग्न आठ-नऊ अंशांनी मागे जाते.

दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळे एक तास पुढे ठेवलेली होती. या काळातील नोंद घड्याळाच्या वेळेची असेल तर प्रथम एक तास वजा करावा. घरातील एखाद्या जाणत्या माणसाने हा तास टिपण करतानाच वजा केला असण्याची शक्यताही असते. म्हणून मूळ कागदावर "नवी वेळ" किंवा "जुनी वेळ" असे काही लिहिले आहे का, ते बारकाईने पाहावे.

गोव्यातील १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या जन्मासाठी तेथील घड्याळ भारतीय प्रमाण वेळेवर होते असे गृहीत धरू नये. परदेशातील जन्मासाठी त्या देशाचा कालविभाग आणि उन्हाळी वेळ, दोन्ही तपासावीत. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत बहुतेक राज्यांत उन्हाळी वेळ चालते. त्याआधीच्या वर्षांचे नियम वेगळे होते. परदेशातील वेळ आधी भारतीय वेळेत बदलून मग भारताच्या रेखांशावरून स्थानिक वेळ काढणे, ही चूक नातवंडांच्या कुंडल्या करताना वारंवार होते. लग्नासाठी जन्मस्थळाचीच स्थानिक वेळ हवी. भारतीय वेळ फक्त भारतीय पंचांगातून ग्रह घेण्यासाठी उपयोगी पडते.

पायरी ३ : स्थानिक मध्यम वेळ काढणे

८२ अंश ३० कलांमधून पुण्याचे ७३ अंश ५१ कला वजा केले असता ८ अंश ३९ कला उरतात. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे आणि प्रत्येक कलेला ४ सेकंद या हिशेबाने ३४ मिनिटे ३६ सेकंद होतात. पुणे प्रमाण रेखांशाच्या पश्चिमेस असल्याने ती वजा करावयाची. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा त्या रेखांशाच्या पश्चिमेसच आहेत, त्यामुळे येथे हा संस्कार नेहमी वजाच असतो. मुंबईसाठी (७२ अंश ५० कला) तो ३८ मिनिटे ४० सेकंद, कोल्हापूरसाठी (७४ अंश १३ कला) ३३ मिनिटे ८ सेकंद आणि नागपूरसाठी (७९ अंश ५ कला) १३ मिनिटे ४० सेकंद येतो.

आपल्या उदाहरणात १० फेब्रुवारीच्या ० तास २० मिनिटांमधून ३४ मिनिटे ३६ सेकंद वजा केल्यावर स्थानिक वेळ २३ तास ४५ मिनिटे २४ सेकंद येते आणि तारीख पुन्हा ९ फेब्रुवारी होते. डाव्या रकान्यात १० तारीख आणि उजव्या रकान्यात ९ तारीख, असे दिसले तर घाबरून एकीकडची तारीख "दुरुस्त" करू नये. दोन्ही बरोबर आहेत.

सावधान : हा संस्कार फक्त लग्नासाठी आहे. स्थानिक वेळ घेऊन प्रमाण वेळेच्या ग्रहस्थितीतून चंद्र काढला, तर पुण्याच्या जन्मात चंद्र सुमारे १९ कलांनी मागे पडतो. शनीच्या १९ वर्षांच्या महादशेत तेवढ्याने शेष (जन्मवेळी उरलेल्या) दशेत सुमारे साडेपाच महिन्यांचा फरक येतो.

पायरी ४ : जन्मवेळेचा सांपातिक काळ

ही पायरी सर्वांत निष्काळजीपणे केली जाते, म्हणून सावकाश पाहू. कोष्टकात प्रत्येक तारखेच्या मध्यान्हाचा सांपातिक काळ दिलेला असतो. काही ग्रंथांत तो ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचचा असतो. कोष्टकाच्या डोक्यावरील ओळ वाचल्याशिवाय एकही आकडा घेऊ नये. येथे ८२ अंश ३० कला रेखांशाच्या स्थानिक मध्यान्हाचे कोष्टक वापरले आहे.

१. उजव्या रकान्यातील तारखेचा, म्हणजे ९ फेब्रुवारी २००० चा, मध्यान्हाचा सांपातिक काळ : २१ तास १४ मिनिटे ४२ सेकंद.

२. स्थलसंस्कार. पश्चिमेकडील गावासाठी वेळेच्या फरकाच्या दर तासाला सुमारे १० सेकंद मिळवावयाचे. साडेचौतीस मिनिटांसाठी ६ सेकंद. बेरीज : २१ तास १४ मिनिटे ४८ सेकंद.

३. मध्यान्हापासून जन्मापर्यंतचा काळ : २३ तास ४५ मिनिटे २४ सेकंदांमधून १२ तास वजा, म्हणजे ११ तास ४५ मिनिटे २४ सेकंद.

४. सौर काळाचे सांपातिक काळात रूपांतर करण्यासाठी दर तासाला ९.८६ सेकंद. ११ तास ४५ मिनिटांसाठी १ मिनिट ५६ सेकंद.

५. सर्वांची बेरीज ३३ तास २ मिनिटे ८ सेकंद. २४ तास वजा करून जन्मवेळेचा सांपातिक काळ : ९ तास २ मिनिटे ८ सेकंद.

जन्म मध्यान्हापूर्वीचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतील दोन्ही आकडे वजा करावयाचे असतात. मधला काळ वजा करून दर तासाचा संस्कार मात्र सवयीने मिळवला जातो, अशी उदाहरणे पुष्कळ दिसतात. वजाबाकी होत नसेल तर आधी २४ तास मिळवून घ्यावेत.

ताळा : दुसऱ्या दिवशीच्या मध्यान्हापासून मागे मोजून पाहावे. १० फेब्रुवारीचा पुण्याचा मध्यान्हीचा सांपातिक काळ २१ तास १८ मिनिटे ४४ सेकंद. त्यातून १२ तास १४ मिनिटे ३६ सेकंद आणि त्यांचा संस्कार २ मिनिटे १ सेकंद वजा केला, तर ९ तास २ मिनिटे ७ सेकंद येतात. एका सेकंदाचा फरक गोळाबेरजेमुळे आहे. चार मिनिटांच्या आसपास फरक आला, तर एका दिवसाची चूक झालेली आहे असे निश्चित समजावे.

दक्षिण गोलार्धातील जन्मासाठी, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियात, सांपातिक काळात १२ तास मिळवून उत्तर अक्षांशाची सारणी पाहावी आणि आलेल्या लग्नात सहा राशी मिळवाव्यात.

पायरी ५ : सारणीतून सायन लग्न

पुण्याच्या अक्षांशाच्या सारणीत ९ तास ० मिनिटांसमोर सायन (वसंतसंपातापासून मोजलेले) वृश्चिक १२ अंश ७ कला आणि ९ तास ४ मिनिटांसमोर वृश्चिक १३ अंश २ कला येतात. चार मिनिटांत ५५ कला, तर २ मिनिटे ८ सेकंदांत २९ कला, असे त्रैराशिक मांडावे. सायन लग्न वृश्चिक १२ अंश ३६ कला, म्हणजे मेषारंभापासून २२२ अंश ३६ कला.

पुण्याला १८ किंवा १९ अंशांची सारणी मिळाली तरी चालते, पण दोन्ही पाहून मधले मूल्य काढावे. दुसऱ्या शहराची छापील सारणी "जवळचीच आहे" म्हणून वापरणे विदर्भापासून कोकणापर्यंतच्या अंतराला परवडत नाही.

सावधान : काही सारण्यांत सायन लग्न असते, तर काहींत २३ अंश अयनांश (सायन आणि ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले निरयन स्थान यांतील फरक) आधीच वजा केलेले असतात आणि फक्त उरलेल्या कलांचा संस्कार करावयाचा असतो. अशा सारणीतून पुन्हा संपूर्ण अयनांश वजा केले तर लग्न जवळजवळ एक पूर्ण राशी मागे जाते.

पायरी ६ : अयनांश आणि पंचांगाचा पक्ष

अयनांश ठरवण्याच्या पद्धतीला पक्ष म्हणतात. चित्रापक्षाचे, म्हणजे लहिरी अयनांश फेब्रुवारी २००० मध्ये २३ अंश ५१ कला होते. २२२ अंश ३६ कलांमधून ते वजा केले की १९८ अंश ४५ कला उरतात. निरयन लग्न तूळ १८ अंश ४५ कला. हा तुळेचा सहावा नवमांश (१६ अंश ४० कला ते २० अंश), म्हणून नवमांश लग्न मीन.

महाराष्ट्रातील वाचकांनी येथे विशेष जपायला हवे. सोलापूरचे दाते पंचांग चित्रापक्षाचे आहे. टिळक पंचांग रैवतपक्षाचे आहे आणि त्याचे अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी असतात. म्हणजे त्या पक्षाने सर्व ग्रह आणि लग्न सुमारे चार अंश पुढे येतात. आपल्या उदाहरणात लग्न तूळच राहते, पण नवमांश मीनेवरून मेषेवर जातो आणि चंद्र उत्तराभाद्रपदातून रेवतीत जातो. दोन्ही पक्षांना आपापली बैठक आहे आणि कोणता घ्यावा हे घराण्याच्या किंवा गुरूच्या परंपरेवर सोडावे. मात्र लग्न एका पक्षाचे आणि चंद्र दुसऱ्या पक्षाचा, ही सरमिसळ कोणत्याच परंपरेत बसत नाही. घरात दोन पंचांगे असतील तर कुंडली पूर्ण होईपर्यंत एकच उघडी ठेवावी.

तिथीवर मात्र अयनांशाचा परिणाम होत नाही, कारण तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतरावरून ठरते. दोन कुंडल्यांत तिथीच वेगळी असेल, तर चूक वेळेत किंवा तारखेत शोधावी; अयनांशावर खापर फोडू नये.

पायरी ७ : चंद्र, तिथी आणि शेष दशा

आता डाव्या रकान्याकडे, म्हणजे प्रमाण वेळेकडे वळावे. पहाटे साडेपाचच्या निरयन ग्रहस्थितीत ९ फेब्रुवारीला चंद्र मीन ६ अंशांवर आणि १० फेब्रुवारीला मीन १९ अंश १० कलांवर आहे. दिवसाची गती १३ अंश १० कला. जन्म १० तारखेच्या ० तास २० मिनिटांचा, पण त्या दिवसाचे साडेपाच अजून वाजलेले नाहीत; म्हणून ९ तारखेच्या साडेपाचपासून मोजावे. मधला काळ १८ तास ५० मिनिटे. त्रैराशिकाने १० अंश २० कला. चंद्र मीन १६ अंश २० कला, उत्तराभाद्रपदाचे चौथे चरण.

या नक्षत्राची सीमा १६ अंश ४० कलांवर आहे आणि चंद्र तेथे सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचतो. जन्मवेळ खरोखर "बारा वीस" आहे की "एकच्या आसपास" आहे, यावर नक्षत्र आणि महादशा दोन्ही अवलंबून आहेत. अशा सीमेवरच्या जन्मात पहिल्या पायरीकडे परत जाऊन वेळेचा पुरावा पुन्हा पाहणे, हाच एकमेव प्रामाणिक मार्ग आहे. सोयीचे नक्षत्र मिळावे म्हणून वेळ सरकवू नये.

नक्षत्राच्या ८०० कलांपैकी सुमारे २० कला उरल्या आहेत, म्हणून शनीच्या १९ वर्षांपैकी जन्मवेळी सुमारे सहा महिने शेष राहतात. भुक्त आणि भोग्य यांची अदलाबदल ही येथील नेहमीची चूक आहे : उरलेल्या कलांवरून भोग्य दशा काढावी, चाललेल्या कलांवरून नव्हे.

तिथीसाठी पंचांगातील बुधवारच्या ओळीत माघ शुद्ध चतुर्थी दिसेल, कारण सूर्योदयाला ती आहे. ती रात्री पावणेनऊच्या सुमारास संपते आणि जन्मवेळी पंचमी चालू आहे. ओळीतील पहिले नाव उतरवून न घेता समाप्तीची वेळ वाचावी.

पायरी ८ : चक्र भरणे आणि अखेरचे ताळे

आपल्याकडील चौकोनी कुंडलीत वरचे मधले घर लग्नाचे असते आणि घरांत राशींचे अंक लिहिले जातात, स्थानांचे नव्हे. तूळ लग्न म्हणून तेथे ७ लिहावे आणि घड्याळाच्या उलट दिशेने ८, ९, १० असे पुढे जावे. सूर्य मकरेत २६ अंश २९ कलांवर, म्हणून १० च्या घरात, चतुर्थ स्थानी. चंद्र मीनेत, १२ च्या घरात, षष्ठ स्थानी.

पहिला ताळा सूर्याचा. सूर्योदयाच्या सुमारास जन्म असेल तर सूर्य लग्नाजवळ, मध्यान्हीचा असेल तर दशमाजवळ, सूर्यास्ताचा असेल तर सप्तमाजवळ आणि मध्यरात्रीचा असेल तर चतुर्थाजवळ यायलाच हवा. आपला सूर्य चतुर्थात आहे, म्हणजे सकाळ-रात्र यांची उलटापालट झालेली नाही. बारा तासांची चूक हा ताळा क्षणात पकडतो.

दुसरा ताळा तिथीचा. शुद्ध पंचमीत चंद्र सूर्याच्या ४८ ते ६० अंश पुढे असतो. मकर २६ अंश २९ कलांपासून मीन १६ अंश २० कलांपर्यंत ४९ अंश ५१ कला होतात. पंचमी जुळली.

तिसरा ताळा संगणकाशी. संगणकावर किंवा मोबाइलवर तीच माहिती भरून पाहावी, पण त्याआधी तेथील कालविभाग, अयनांशाचे नाव आणि गावाचे रेखांश वाचावेत; १९५५ पूर्वीच्या (तोवर मुंबई वेळ असण्याची शक्यता असते) आणि युद्धकाळातील जन्मासाठी कालविभाग स्वतः भरावा. लग्नात पाच-दहा कलांचा फरक आला तर तो सारणीच्या स्थूलपणाचा असतो. सुमारे आठ अंशांचा फरक आला तर स्थानिक संस्कार कोठेतरी राहिला किंवा दोनदा झाला आहे, चार अंशांचा आला तर पक्ष वेगळा आहे, आणि लग्न जुळून चंद्रच तेरा अंशांनी हुकला तर तारीख चुकली आहे.

सर्व जुळल्यावर चक्राखाली शाईने पुढील नोंद करावी : वेळ कोणाच्या कागदावरून घेतली, ती प्रमाण वेळ होती की अन्य, अक्षांश-रेखांश किती धरले, स्थानिक वेळ आणि सांपातिक काळ किती आले, अयनांश कोणते आणि किती वजा केले, आणि ग्रह कोणत्या पंचांगातून घेतले.